जायरो लावूनही विमान पडतंय, कारण दोष एक नाही, तीन आहेत

तुम्ही निपाणीहून जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर इथंच कळेल. नववीतल्या मुलीबरोबर तुम्ही रिमोटवर उडणारं फोमचं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वरच्या बाजूला असलेलं शिकाऊ विमान, बांधलंय. पंख १.२ मीटर, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी. चाकं नाहीत, हातानं सोडता. सोडल्या सोडल्या डावा पंख खाली जातो आणि तीनातनं एकदा तरी विमान तिथंच आपटतं. दुपारी वारा सुटला की वर गेलेलं विमान हेलकावे खातं. म्हणून तीन अक्षांचा वेगळा जायरो, म्हणजे विमानाचं फिरणं ओळखून ते आपोआप सावरणारं छोटं यंत्र, आणून बसवलात. डावा पंख पडायचा तो पडतोच आहे, शिवाय आता वर फुल थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर, दिला की पंख फर्रर्र करून थरथरतात. दुकानदार म्हणाला होता, ‘जायरो लावा, विमान पडतच नाही.’ आणि तुम्ही विचारताय, गेन, म्हणजे जायरोच्या दुरुस्तीचा जोर, किती ठेवू?

आकडा मी सांगणार नाही, कारण तो माझ्या विमानाचा असेल, तुमच्या नव्हे. गेन ठरतो तो एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) किती मोठं, ते हलवणारी छोटी मोटर म्हणजे सर्वो किती चपळ, विमान किती वेगानं उडतं आणि जोडण्यांत किती प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे यावर. एकाच कंपनीचे दोन जायरो माझ्या दोन विमानांत वेगळ्या गेनवर चालतात. पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुमच्याकडं दुखणी तीन आहेत आणि तिन्हींवर तुम्ही एकच औषध देताय. हातातून सुटताना पंख पडणं हे वेगाचं दुखणं. दुपारचे हेलकावे हे हवेचं. फुल थ्रॉटलची थरथर मात्र जायरोनंच आणलेली. यातलं फक्त मधलं दुखणं जायरोनं बरं होतं.

असं का, ते समजण्यासाठी जायरो काय मोजतो ते बघा. आतल्या चिपमध्ये सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा सतत कंपत असतो. विमान फिरलं की कोरिऑलिस बलामुळं ते कंपन किंचित बाजूला सरकतं आणि त्यावरून चिपला कळतं की आपण सेकंदाला किती अंश फिरतोय. साध्या मोडमध्ये, ज्याला आपण रेट मोड म्हणतो, जायरोला कळतं ते इतकंच. झोत येऊन उजवा पंख झपकन खाली गेला की तुमचं बोट हलायच्या आत तो उजवं एलेरॉन खाली करतो आणि ते फिरणं मोडून काढतो. फिरणं थांबलं की त्याचं काम संपलं. पंख वाकडा राहिला तर वाकडाच राहील, सरळ करायचा तो तुम्ही. सरळ म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही.

त्याला हवेतला वेगही माहीत नाही, आणि वारा विमानाला कुठं वाहून नेतोय हेही नाही. वेदगंगेत होडी सोडली तर ती न फिरता पाण्याबरोबर पुढं जाते ना, तसं एकसारख्या वाऱ्यात विमान न फिरता वाऱ्याबरोबर सरकतं. फिरणं नाही म्हणजे जायरोच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही. विमान शांत, सुरेख दिसत असतं आणि तसंच शांतपणे शेजारच्या उसात जातं. उसात गेलेलं विमान शोधताना काय हाल होतात ते तुमच्या भागात वेगळं सांगायला नको. त्यामुळं जायरो लावलाय म्हणून जास्त वाऱ्यात उडवायचं धाडस करू नका. हेलकावे दिसत नाहीत म्हणजे वारा पडला असं नव्हे.

आता तुमचं पहिलं दुखणं. मागून बघितलं तर आपला नेहमीचा प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडं कलायला बघतं. वेग असेल तर हे जाणवत नाही. पण हातातून सुटताना वेग जेमतेम, थ्रॉटल पूर्ण आणि फेकणारा माणूस उत्साहानं नाक वर करून फेकतो. पंख आधीच स्टॉलच्या, म्हणजे हवा सुटून उचल जाण्याच्या, काठावर, त्यात मोटरचा पीळ, म्हणून डावा पंख बसतो. इथं जायरो काय करतो ते नीट बघा. डावा पंख खाली जातोय म्हटल्यावर तो डावं एलेरॉन आणखी खाली करतो. चांगल्या वेगात याच कृतीनं पंख उचलला जातो. स्टॉलच्या काठावर मात्र एलेरॉन खाली केलं की त्या पंखाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो आणि तो पंख पुरता स्टॉल होतो. म्हणजे तुम्हाला वाचवायला धावलेला जायरो पंख आणखी खाली दाबतो. गेन वाढवलात तर जास्तच दाबेल.

यावरचा उपाय जायरोबाहेर आहे. बॅटरी आत ठेवून सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, मोजा. तुमच्या पंखाची रुंदी २० सेंटीमीटर धरली तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर, पंखाखाली दोन बोटं टेकवून, विमान सपाट किंवा नाक किंचित खाली राहायला हवं. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढं सरकवा, नाहीतर नाकात वजन घाला. शेपूट जड असलेलं विमान जायरोवर बरं उडतंय असं वाटतं, कारण जायरो सारखं सावरत असतो, पण वेग कमी झाला की तेच विमान हातातून जातं. मोटर एक-दोन अंश उजवीकडं आणि तेवढीच खाली झुकलेली आहे ना, तेही बघा. मग जायरो बंद ठेवून, वाऱ्याला तोंड करून, साधारण दोन तृतीयांश थ्रॉटलवर, विमान भाल्यासारखं सरळ सपाट ढकला. वर फेकू नका. हाताबाहेर गेल्यावर दोन सेकंद वेग धरू द्या, मग हळू नाक उचला. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळं हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्के विरळ आहे. गोवा-कारवारकडं जे विमान अलगद उचलतं ते आपल्याकडं थोडा जास्त वेग मागतं. फरक थोडाच, पण हातानं सोडताना तोही मोजावा लागतो.

ट्रिमही याच अवस्थेत, जायरो बंद ठेवूनच करा. सकाळी साडेसहा-सातला, हवा पडलेली असताना, विमान हात सोडून सरळ जाईल इतकं ट्रिम करा. खाली आल्यावर ट्रान्समीटरवरचा ट्रिम शून्यावर आणून तोच फरक पुशरॉडच्या, म्हणजे सर्वोची हालचाल पोचवणाऱ्या तारेच्या, टोकावरच्या क्लेव्हिसला पीळ देऊन भरून काढा. कारण बरेच जायरो पॉवर देताना स्टिकची जी मधली जागा दिसते तीच धरून बसतात. नंतर तुम्ही ट्रिम टिक टिक करून सरकवलात तर तुम्ही स्टिकच हलवलीत असं त्यांना वाटतं. पॉवर दिल्यावर जायरो स्वतःचं शून्य ठरवेपर्यंत विमान जमिनीवर अजिबात न हलता राहू द्या. वाऱ्यात हातात धरून बॅटरी जोडली तर ते शून्य चुकतं, आणि सर्वो मध्यापासून थोडे सरकून बसतात.

आता दिशेची तपासणी. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण मी यात एक चांगलं विमान घालवलंय. आम्ही खानापूरच्या बाजूला उडवतो. बेळगावात सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं, शिवाय लष्कराचा परिसर, त्यामुळं शहराजवळ आम्ही विमान काढतच नाही. सुगी झाली की भाताची शेतं मोकळी होतात, बुडखे तेवढे राहतात. अशाच एका सकाळी मी नवीन बाल्साचं विमान घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री जायरोच्या वायरी ओढल्या जात होत्या म्हणून मी तो उलटा करून फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, वरच्या फळीला खालून चिकटवला. सेटिंग मात्र बदललं नाही. शेतावर पंख हलवून बघितला, एलेरॉन बरोबर दिशेला जात होतं. म्हटलं ठीक आहे. भाच्यानं विमान सोडलं. नाक थोडं वर आलं, जायरोनं एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, आणखी वर केलं, नाक आणखी वर. तीन सेकंदांत विमान पाठीवर पडून बुडख्यांत घुसलं. मोटर माउंट तांबड्या मातीनं भरलेलं, प्रॉपचे दोन तुकडे, आणि एलेव्हेटर तेव्हाही पूर्ण वर ताणलेलं. भाचा धावत माझ्याकडं आला, ‘मामा, मी चुकीचं सोडलं काय?’ त्याची काही चूक नव्हती.

कारण असं, की जायरो लांबीच्या अक्षाभोवती उलटा केला की रोलची (पंख कलण्याची) दिशा तीच राहते, पण पिच (नाक वर-खाली) आणि यॉ (नाक डावी-उजवीकडं) दोन्ही उलट होतात. मी फक्त पंख तपासला, म्हणजे जी एक दिशा बदलत नाही नेमकी तीच तपासली. तेव्हापासून मी तिन्ही अक्ष, दर वेळी, प्रत्येक बॅटरीला तपासतो. विमान हातात धरून नाक झटकन खाली करा, एलेव्हेटर वर जायला हवं. उजवा पंख खाली करा, उजवं एलेरॉन खाली आणि डावं वर जायला हवं. नाक डावीकडं फिरवा, रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, उजवीकडं वळायला हवं. हळू फिरवलंत तर हालचाल दिसत नाही, म्हणून झटका द्या. आणि स्टिकची दिशा ही वेगळी तपासणी आहे. ती ट्रान्समीटरमध्ये उलटवली तरी जायरोची दिशा उलटत नाही. जायरोची दिशा जायरोच्याच सेटिंगमध्ये बदलावी लागते. इथं घोटाळा फार जणांचा होतो.

तिसरं दुखणं, थरथर. जायरोनं दिलेली दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी झाली की विमान पलीकडं जातं, मग तो उलट दुरुस्ती करतो, तीही मोठी होते, आणि पंख सेकंदाला अनेक वेळा डोलायला लागतो. ही फुल थ्रॉटललाच का होते? एलेरॉनचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० किलोमीटरला जेवढा जोर, त्याच्या सव्वादोन पट ताशी ६० ला. म्हणजे तुम्ही गेन आरामात फिरताना लावलात, तो तिथं बरोबर होता, वेगात तो सव्वादोन पट झाला. म्हणून गेन नेहमी तुम्ही उडवणार त्या सगळ्यात जास्त वेगाला लावायचा. उंचीवर जा, फुल थ्रॉटलला सपाट उडवा आणि थरथर दिसेपर्यंत गेन थोडा थोडा वाढवा. दिसली की तो एक चतुर्थांशानं कमी करा. एका वेळी एकच अक्ष, आधी एलेरॉन. तुमच्या जायरोवर स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचे छोटे पॉट असतील तर दर वेळी उतरून फिरवावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण करा. ट्रान्समीटरच्या नॉबवर गेन घेता येत असेल तर नॉब मुलीच्या हाती द्या, तुम्ही विमानावरची नजर काढू नका. थरथर सुरू झाली की थ्रॉटल कमी करून जायरो बंद करायचा, स्टिकनं तिच्याशी झुंजायचं नाही. त्यासाठी जायरो बंद करायचा स्विच हवाच. तो नसेल तर मी त्या जायरोनं विमान सोडणारच नाही.

गेन अगदी कमी करूनही थरथर राहिली तर दोष जायरोत नाही, विमानाच्या जोडणीत आहे. सर्वोचा हॉर्न (हलणारी दांडी) बोटानं धरून एलेरॉनची कड हलवून बघा. एक-दोन मिलिमीटर प्ले असेल तर सर्वो हलला तरी एलेरॉन उशिरा हलतं, आणि या उशिरातूनच डोलणं जन्मतं. पुशरॉडचं भोक मोठं झालं असेल तर हॉर्न बदला. प्रॉप बॅलन्स नसेल तर त्याची कंपनं जायरोला विमानाचं फिरणं वाटतात. जायरो दुतर्फी फोम टेपच्या एका थरावर घट्ट बसवा, स्पंजच्या गादीवर लोळत ठेवू नका, आणि त्याच्या कडा विमानाच्या अक्षांना समांतर असू द्या. रेट मोडपुरतं तो सीजीवर आहे की पुढं-मागं यानं फरक पडत नाही, कारण घट्ट जोडलेल्या विमानाचा प्रत्येक भाग सारख्याच वेगानं फिरतो. सेल्फ-लेव्हलसाठी मात्र सीजीजवळ असलेला बरा.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जायरो असला की सर्वो क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत, त्यामुळं करंट जास्त ओढतात. कोरोप्लास्टचं किंवा टेपचं बिजागर ताठ असेल तर आणखीच. उतरल्या उतरल्या चारही सर्वोंना बोट लावा. एखादा चटका देत असेल तर ते बिजागर मोकळं करा. ईएससीच्या (मोटर-नियंत्रकाच्या) बीईसीवर, म्हणजे रिसिव्हर-सर्वोंना वीज देणाऱ्या भागावर, ताण येऊन हवेत रिसिव्हर क्षणभर बंद पडला तर जायरो काहीच करू शकत नाही.

आता मोड. सेल्फ-लेव्हलमध्ये गुरुत्वाची दिशा मोजणारे सेन्सरही वापरात येतात, म्हणून स्टिक सोडली की विमान आपोआप सपाट होतं. शिकणाऱ्या मुलीसाठी तो मोह मोठा आहे, आणि पहिल्या दोन-चार उड्डाणांत भरपूर उंचीवर तो द्यायला माझी ना नाही. पण त्याचा एक धोका तुम्हाला माहीत असायलाच हवा. साध्या विमानाचा थ्रॉटल कमी केला की ते स्वतःहून नाक खाली घालतं आणि वेग टिकवतं. सेल्फ-लेव्हल ते नाक खाली जाऊ देत नाही. विमान सपाट दिसत राहतं, वेग मात्र उतरत जातो आणि शेवटी ते दगडासारखं बसतं. उतरताना हे हमखास घडतं. हेडिंग-होल्ड मोडचंही तेच. तो नाकाचा कोन धरून ठेवतो. त्यात ट्रिम हलवायचा नाही आणि जमिनीवर असताना तो लावायचा नाही, कारण रडर-एलेव्हेटर हळूहळू एका टोकाला सरकत जातात. तुमच्या ट्रेनरला हा मोड नकोच.

मुलीला शिकवायचं असेल तर माझा क्रम असा असतो: शांत सकाळी जायरो बंद, आणि नऊनंतर वारा उठला की रेट मोड. बंद अवस्थेत तिला विमान काय सांगतंय ते कळेल, पंख बसायच्या आधी एलेरॉन कसं ढिलं पडतं ते बोटांना समजेल. ती जाणीव जायरो चालू असताना लवकर येत नाही, कारण तो मधल्या मध्ये सावरून घेतो. रडरचा गेन मात्र कायम कमी ठेवा. विमान वळताना नाक फिरायलाच हवं, आणि जास्त गेनचा जायरो त्या फिरण्यालाच विरोध करतो. वळण ओबडधोबड होतं, विमान बाजूला घसरतं. पुढं कधी चाकं लावलीत तर जमिनीवर पळताना रडरचा जायरो फार कामाचा. बाजूचा वारा नाक ओढतो ते तो धरून ठेवतो.

दुपारचं म्हणाल तर, मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या काळ्या रानावर तापलेल्या हवेचे लोट उठतात. तंबाखू निघून गेलेलं उघडं रान आणि शेजारी पाणी पाजलेला ऊस, या दोघांच्या सीमेवर हवा सगळ्यात जास्त फेकते. तिथं रेट मोड आपलं काम चोख करतो, फरक डोळ्यांना दिसतो. वळवाचे ढग चढायला लागले की मात्र विमान खाली घ्या, कितीही चांगला जायरो असो. आणि उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं रान हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या, भागात आहे ना ते बघून घ्या. हिरव्यातही उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर.

या रविवारी जायरो न जोडता, रिसिव्हरमधून सर्वो थेट चालवून, फक्त सीजी आणि सोडणं जमवा. डावा पंख तरीही पडला तर मोटरचा कोन दिसेल असे वरून आणि बाजूनं फोटो काढून पाठवा. पडला नाही तर पुढच्या रविवारी जायरो जोडा, सुरुवातीपुरता एलेरॉनचा गेन पाव ठेवा, बाकी दोन शून्य. आणि बॅटरी जोडल्यावर मुलीला विमान धरून नाक खाली झटकायला सांगा, तुम्ही शेपटीमागं गुडघ्यावर बसून एलेव्हेटर बघा. ते वर आलं तरच तिनं सोडायचं.